फाटक बंद झाल्यावर

जानेवारीतली संध्याकाळ. मोहर्लीच्या फाटकातून शेवटच्या जिप्सी बाहेर पडताहेत आणि त्यांतल्या एकीतून तुम्ही उतरता. भुवयांपर्यंत धूळ बसलीय. गेले तीन-चार तास तुम्ही मोठ्यानं एक शब्द बोललेला नाहीत. गाइडनं बोट केलं तिकडं पाहिलंत, वाघीण रस्त्यावर आली तेव्हा श्वास रोखलात, ती झाडीत शिरल्यावर शेजारच्याकडं बघून नुसत्या भुवया उंचावल्यात. इतका गुणी प्रेक्षक वाघालाच परवडतो. नटाला असा प्रेक्षक मिळाला तर तो दुसऱ्या अंकाआधी रंग पुसून घरी जाईल.

चहाच्या टपरीवर दोन पोरं कानटोपी, मफलर, स्वेटर असा जामानिमा करून मोटारसायकलवर निघालेली दिसतात. कुठं? तर नाटकाला. जंगलाला वळसा घालून, सिंदेवाहीच्या अंगाला. संपतं किती वाजता? ‘सकाळी.’ तुम्ही हसता. तुमची सकाळची सफारी ठरलीय, उजाडायच्या आत फाटकावर हजर राहायचंय.

ती सफारी सोडा. या पोरांच्या मागोमाग आपण जाऊच, पण सरळ रस्त्यानं नाही. सरळ गेलात तर तुम्हाला रंगवलेला पडदा, कर्कश भोंगे आणि भडक मेकअप तेवढा दिसेल, आणि पुण्या-मुंबईला परतल्यावर मित्रांपुढं तुम्ही त्याची नक्कल कराल. म्हणून आधी थोडं मागं जाऊ. फोन खोलीवर ठेवा. जिथं जायचंय तिथं मनोरा नाही.

फाटकाकडं परत फिरा. चार पावलांत टपऱ्या, रिसॉर्टांच्या पाट्या आणि विजेचे दिवे जातात. इरईच्या धरणाचं पाणी ओसरतं आणि खालची जमीन उघडी पडते. उरतो तो ताडोब्याचा रस्ता आणि कडेनं उभे असलेले जुने दगडी खांब. दुपारी गाइडनं त्यांची गोष्ट सांगितली होती: गोंड राजा चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपूरहून, निघाला की या खांबांवरून नेलेला दोर ओढला जाई, घंटा वाजे आणि पुढच्या ठाण्याला वर्दी मिळे. सवारी येतेय. आता रात्री, एका खांबाला हात लावून उभे राहा आणि हाक मारून बघा. हाक बांबूच्या पहिल्या रांजीपलीकडं जात नाही. या मुलखात एकानं दुसऱ्याला काही कळवायचं म्हणजे आधी झाडीशीच गाठ. राजाची दोरावर सोय झाली असेल. रयतेनं आपलं कळवणं ढोलावर, गाण्यावर आणि सोंगावर चालवलं. 1751 मध्ये चांद्याचं गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडं गेलं आणि राजाची सवारी थांबली. ढोल थांबले नाहीत. वाघाशी झुंजताना मेलेल्या तारूची आठवण म्हणून पौषात ताडोब्याच्या तळ्याकाठी गोंडांची जत्रा भरते, तिला कुणी घंटा वाजवून वर्दी दिलेली नाही.

इथून उत्तरेला चला, जंगल ओलांडून.

1942 चा ऑगस्ट. पाऊस आत्ताच उघडलाय. तुम्ही चिमुरात आहात, गर्दीच्या अगदी मागं. पायाखाली चिखल, आजूबाजूला ओल्या घोंगड्यांचा वास. पुढं कंदिलाच्या उजेडात तिशी नुकतीच ओलांडलेला एक बुवा मांडी घालून बसलाय. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा माणिक. अवघा मुलूख त्याला तुकडोजी महाराज म्हणतो. पोरवयात याच रानात, रामदेगीच्या बाजूला तो भटकत राहिलेला, त्यामुळं या लोकांना तो बाहेरचा वाटत नाही.

त्याच्या खंजिरीकडं नीट बघा. सुरुवातीला ती वाजतच नाही, नुसत्या चकत्या थरथरतात, लांबून बैलगाडी यावी तशा. मग बोटं चामड्यावर पडायला लागतात, आधी बेतानं, मग दाट. आवाज उंच लागतो. शब्द साधे, देवाचे. दुसऱ्या कडव्याला देवाच्या शेजारी देश येऊन बसतो आणि तिसऱ्याला कोण कुणाविषयी बोलतंय हे गर्दीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तुमच्या शेजारचा म्हातारा टाळ्या वाजवत नाही. तो ध्रुपद म्हणतो. सगळेच म्हणताहेत. कडव्यामागून कडवं जातं तसा म्हणणाऱ्यांचा आवाज गाणाऱ्याच्या वर चढतो आणि एका क्षणी बुवा थांबतो, नुसती खंजिरी चालू ठेवतो. आता गाताहेत ते लोक. सभेला सरकारी परवानगी लागते. भजनाला कोण विचारतो?

मुंबईत 8 ऑगस्टला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. तो चिमूरच्या कुणब्या-कोष्ट्यांच्या दारात पोचायला वर्तमानपत्राची वाट बघावी लागली नाही. 16 तारखेला नागपंचमी होती. सकाळी मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा पोर पडला आणि लोक बिथरले. सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गोरी पलटण आली आणि गावातल्या बायकांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींना 63 दिवस उपास करावा लागला. हे सगळं एका भजनानं घडवलं असं कुणी म्हणत असेल तर त्याला म्हणू द्या; लोकांच्या रागाला त्यांची स्वतःची कारणं होती. पण सरकारचा हिशेब मला फार बोलका वाटतो. ऑगस्ट संपायच्या आत त्यांनी तुकडोजींना चांद्यात पकडलं आणि डिसेंबरपर्यंत नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. या माणसाच्या हातात खंजिरीपलीकडं काही नव्हतं. सरकारला ती पुरेशी वाटली.

चिमुरात तुम्ही फार वेळ थांबू नये हे बरं. पुढं चला, तेरा वर्षं.

1955. याच वर्षी ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. चांदा जिल्हा अजून मध्य प्रदेशात आहे, राजधानी नागपूर. दिवाळी झालीय, धान कापून बांध्या मोकळ्या पडल्यात, आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरायला लागलीय. रात्री एका चौकात दंडार आहे. तुम्ही नुसते बघायला आलात, पण रिकामे हात दिसले की इथं काम मिळतं. कुणीतरी तुमच्या हातात टेंभा देतं. धरून उभे राहा, तेल पायावर गळेल, सांभाळा.

सगळे गडीच. लुगडं नेसलेला, डोक्यावर पदर घेतलेला जो ठुमकत येतो तो दिवसा नांगर हाकतो, आणि त्याच्या ओठांवरची मिशी तेवढ्यापुरती काढलीय. गण होतो, गौळण होते, ढोलकी आणि टाळ तापतात. मग नकला सुरू होतात, आणि खरी रात्र इथं चढते. पागोटं बांधलेला, पोट पुढं काढलेला एकजण काठी टेकत येतो आणि धानाच्या राशीपुढं बसून मोजायला लागतो. एक खंडी माझी, दुसरी खंडीही माझी, तिसरी तुझी, पण तुझ्याकडं माझी बाकी आहे, म्हणून तीही माझी. चौक हसून लोळतो. तुम्ही टेंभा जरा उंच करा आणि उजवीकडं बघा. गावातली एकमेव खुर्ची तिथं आहे आणि तिच्यावर बसलाय खुद्द मालगुजार. मालगुजारी कायद्यानं जाऊन चार वर्षं झाली, पण खुर्ची अजून त्यालाच मिळते. सगळ्या माना नटाकडं, आणि सगळे डोळे चोरून खुर्चीकडं. तो काय करतो? तो हसतो. त्याला हसावंच लागतं. रागावला तर कबुली दिल्यासारखं होईल. मग खिशातून रुपया काढून तो नकल्याला बक्षीस देतो, आणि नकल्या तो रुपया धानाच्या राशीवर ठेवून म्हणतो, ‘हाही तुमचाच, मालक.’

हे वाक्य दिवसाढवळ्या, चावडीवर, त्या माणसाला कुणी म्हणू शकलं असतं का? मला वाटतं, या मुलखात रात्रीच्या खेळांना एवढं बळ आलं ते यामुळं. जे तोंडावर बोलता येत नाही ते सोंग घेऊन बोलायची आणि ऐकणाऱ्याला अब्रू राखून ऐकायची सोय. साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीवर आणि झाडीबोलीवर उभी हयात अभ्यास केला, म्हणून यातलं बरंच आज कागदावर तरी आहे.

टेंभा पुढच्याच्या हातात द्या आणि 1985 मध्ये या. गडचिरोली जिल्हा चांद्यापासून वेगळा होऊन तीन वर्षं झालीत. तुम्ही वैनगंगेकाठच्या झाडीमुलखातल्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या, एका गावात आहात आणि आता तुम्ही प्रेक्षक नाही, जावई आहात. गाव तुमच्या सासुरवाडीचं, तेव्हा नाव तुम्हीच ठेवा. चार दिवसांपूर्वी निरोप आला होता: पट आहे, नाटक आहे, या. न जाणं म्हणजे वर्षभराचा रुसवा.

दिवसा शंकरपट झाला. बैलजोड्या सुटल्या, धुरकरी दोन्ही बैलांच्या मधे जीव मुठीत धरून उभे, धूळ, आरडाओरडा, गुलाल. ते पटकन बघून घ्या, कारण आपलं काम संध्याकाळनंतरचं आहे. घरात पाय ठेवायला जागा नाही. प्रत्येक लेक नवऱ्यापोरांसह आलीय, आतेसासऱ्यांच्या पुतण्यापर्यंत सगळे हजर. चुलीवर उडदाचे वडे तळताहेत, कोंबड्याचा रस्सा उकळतोय. सासूबाई ताटात तिसऱ्यांदा भात वाढतात. ‘जेवजा जवाईबापू, रातभर बसाचा आहे.’

ओसरीवर चहा घेणारे ते दोन अनोळखी पाहुणे दिसताहेत? ते ‘नाटकाला’ आलेत. धाकटी मेहुणी आज उगाचच नवं लुगडं नेसून दोनदा ओसरीवर येऊन गेलीय. पाहुण्यांतला तरुण मान खाली घालून बशीतला चहा फुंकतोय आणि त्याचा काका धानाचे भाव विचारतोय. कुणी कुणाला मुलगी दाखवत नाहीये. जमलं तर माघात बोलणी, नाही जमलं तर ते नाटकाला आले होते, कुणाचाही अपमान नाही. झाडीपट्टीतल्या किती सोयरिकी नाटकाच्या रात्री जुळल्या याची मोजदाद कुणी केलेली नाही; करायला बसलं तर अर्धा मुलूख लिहावा लागेल.

नऊ वाजता सगळं घर तणस, चादरी, पाण्याची चरवी आणि झोपलेली पोरं घेऊन निघतं. गावाबाहेरच्या बांधीत जमीन उतरती खणलीय आणि निघालेल्या मातीचा रंगमंच केलाय. तुम्ही खड्ड्यात उतरून तणसावर बसता. मागच्या अंगाला उंचावर बायका. थंडी तणसाखालून वर येते, घोंगडी ओढा. समोर रंगवलेल्या पडद्यावर राजवाडा आहे, जो पुढच्या प्रवेशात वकिलाचं घर म्हणून चालणार आहे. वरून तारेनं माइक सोडलेत, आणि नट बोलायचं झालं की चालत येऊन बरोबर माइकखाली उभा राहतो. दोघांचं भांडण असलं तर दोघं दोन माइकांखाली उभे राहून तोंडं लोकांकडं करून भांडतात. तुम्हाला हे पहिली दहा मिनिटं खटकतं. नंतर लक्षात येतं की ते एकमेकांशी भांडतच नाहीयेत, ते तुम्हाला तक्रार सांगताहेत. प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी ऐकू येतो, त्याचंही कुणाला काही वाटत नाही.

आज गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ आहे. 1919 मध्ये रंगभूमीवर आलेलं नाटक, पण या खड्ड्यात ते कालचं आहे. दारुड्या सुधाकरची बायको सिंधू जात्यावर बसलीय, कामाला आलेली नटी नागपूरची आहे, तिचा आवाज घोगरा झालाय, कारण तिचा हा सलग कितव्या रात्रीचा प्रयोग आहे कोण जाणे. बाप श्रीमंत, तरी ही माहेरी जायला तयार नाही. मागच्या उंचावरून एक म्हातारी ताडकन ओरडते, ‘अवो माय, जाऊन ऱ्हाय ना माहेराले!’ खड्डाभर हशा, आणि हशाच्या आत रडू. मुंबईच्या थिएटरात डोअरकीपर धावला असता. नटी थांबते. ऑर्गनवाला सूर धरून ठेवतो. ती मान वळवून, माइक सोडून, त्या म्हातारीच्या दिशेनं पाहते आणि पुढचं वाक्य सबंध तिलाच म्हणते. आता हशा नाही. म्हातारी पदर डोळ्यांना लावते. तिच्या शेजारी बसलेली तिची लेक गेल्या पावसाळ्यात अंगावरच्या वळांसह माहेरी आली होती आणि चार दिवसांनी तिला समजूत घालून परत पाठवलं होतं. गावाला हे ठाऊक आहे. म्हातारी नेमकं कुणाला ओरडली, हेही गावाला ठाऊक आहे.

अंकाअंकांमधे घोषणा होतात. अमक्याकडून सुधाकरला पाच रुपये बक्षीस. एक लहान मूल सापडलंय, लाल स्वेटर. पदाला वन्स मोअर मिळतो. पहाटे पाचला सुधाकर मरतो आणि लोक अंग झटकून उठतात.

सकाळी पानठेल्यावर या. काल ज्याच्या तोंडाला वास येत होता तो तुमच्या सासऱ्यांचा चुलतभाऊ विडा घ्यायला येतो. ठेलेवाला चुना लावता लावता सहज म्हणतो, ‘का गा सुधाकर, एक का दोन?’ चारजण हसतात. तोही हसतो, पण विडा न घेताच निघून जातो. त्यानं दारू सोडली का? नाही सोडली. पण म्हातारा होईपर्यंत गावानं त्याला त्याच नावानं हाक मारली, आणि गावात काय चाललंय याची दखल घेतली गेली हे त्याच्या बायकोपर्यंत पोचलं. 1993 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आली. त्यामागं बायकांच्या सभा आणि मोर्चे होते, नाटक नव्हतं. तरी त्या बायका बोलायला शिकल्या त्या शाळांत हा खड्डाही धरावा, असं मी म्हणेन.

आता वर्षं भराभर येऊ द्या. खेळाची ताकद ओळखणारे एकटे गावकरीच नव्हते. 1980 नंतर दक्षिणेकडून शिरलेल्या नक्षल्यांनीही नाट्य मंच काढले, घुंगरं आणि ढोल घेऊन ते पाड्यांवर नाचले. त्यांच्या विरोधात सरकारी कलापथकं निघाली. दोन्हीकडच्या खेळांत प्रेक्षकानं मधेच ओरडायची सोय नव्हती, म्हणून मला ती नाटकं पोरकी वाटतात. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि पट थांबले. जिच्या आधारानं नाटक उभं होतं ती टेकणच गेली. तरी लोकांनी मंडई म्हणून, जत्रा म्हणून, कधी नुसतं नाटक म्हणूनच मंडप घातले. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये घटनापीठानं ती कायम केली. नाटकांना खरा खंड पडला तो करोनात. त्या हंगामात कितीतरी नटांनी रोजगार हमीचं आणि शेतातलं काम धरलं. 2023 मध्येच कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. शेती सांभाळून पाच हजारांहून जास्त प्रयोग केलेला हा विनोदी नट. दिल्लीत टाळ्या पडल्या तेव्हा वडशात फटाके उडाले असतील तर नवल नाही.

वडसा, कागदोपत्री देसाईगंज, हे या धंद्याचं नाक. हंगामाआधी तिथल्या रस्त्यांवर नाट्यकंपन्यांच्या कचेऱ्या उघडतात, गावोगावची मंडळं येऊन तारखा ठरवतात, विसार देतात. दिवाळी ते होळी रोज रात्री कुठं ना कुठं पडदा वर जातो; मोठ्या गावात एकाच रात्री दोन-दोन कंपन्या समोरासमोर. सरकारी अनुदानावर नाही, तिकिटावर.

आणि आता, आजची रात्र. मोटारसायकलवरची ती पोरं पोचलीत, तुम्हीही पोचा. वाटेत झाडीतून जाणारे लोक टोळीनं, बॅटरी लावून, मोठ्यानं बोलत चाललेले दिसतील. या पट्ट्यात वाघानं माणसं मारल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. तुम्ही दुपारी हौसेनं पाहिलेला वाघ त्यांना नाटकाच्या वाटेवर नको असतो.

तक्रारी आहेत. ऑर्गनशेजारी ऑक्टोपॅड आलाय आणि तो कुणाचं ऐकत नाही. अंकांच्या मधे रेकॉर्डवर नाच होतात, त्यावर म्हातारे चिडतात आणि पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारतात. गोष्ट कधी कधी इतकी रडवते की लेखकाचा राग यावा. हे सगळं मान्य करूनही माझं मत असं, की महाराष्ट्रात आज प्रेक्षकाला इतका मान देणारी दुसरी व्यावसायिक रंगभूमी नाही. इथं शेतकऱ्याच्या आत्महत्येवर नाटक लागतं तेव्हा समोर बसलेल्यांत विधवा असते, आणि नटाला ते माहीत असतं.

तेव्हा पुढच्या वेळी मोहर्लीला दिवाळी ते होळीच्या दरम्यान याल, तर एक सकाळची सफारी कमी नोंदवा. संध्याकाळी टपरीवर नुसतं विचारा, आज नाटक कुठं आहे. कुणीतरी सांगेल, बहुधा सोबतही नेईल. जाड घोंगडी घ्या, तिकीट काढा, पुढच्या खुर्च्या सोडून खाली बसा. आणि काही पटलं नाही तर गप्प बसू नका, तिथं ओरडायची मुभा आहे.